‘डूलाली’ म्हणजे काय? इंग्रजीतल्या वेडाला देवळालीचं नाव

जव्हार-मोखाड्याहून त्र्यंबकमार्गे नाशिक गाठलं की देवळाली कॅम्प जवळच. जुन्या इंग्रजी बोलीतला ‘डूलाली’ हा शब्द या गावाच्या नावाचाच अपभ्रंश. अर्थ : डोकं फिरलेला.

नोकरीची मुदत संपलेले ब्रिटिश सैनिक मायदेशी जाणाऱ्या जहाजाची वाट पाहत इथल्या छावणीत थांबत. जहाजं मात्र साधारण नोव्हेंबर ते मार्च एवढ्याच काळात सुटत. एप्रिलमध्ये मुदत संपलेला शिपाई कित्येक महिने अडकायचा. हाताला काम नाही, वर ऊन, मग दारू, मलेरिया. काहींचं मानसिक संतुलन खरोखरच ढळे. सोबती त्याला ‘डूलाली टॅप’ म्हणत.

हा ‘टॅप’ नळाचा नव्हे, आपला ताप! ‘डोक्याला ताप’मधलाच. पुढे ताप गळाला, डूलाली उरलं. आजारी शिपायांची आठवण मात्र पुसली गेली.