मनोविकाराची गोळी : फायदा किती, त्रास किती?

बेळगावचे वडगाव ही विणकरांची वस्ती. औषधाने हात कापू लागला, तर मागावर तुटलेला धागा सांधता येत नाही. त्यामुळे डॉक्टरांना नुसते ‘बरे आहे’ न सांगता कामात काय अडते, तेही सांगा.

■ फायदा : स्किझोफ्रेनियासारख्या आजारात भास व संशय कमी होतात, आजार उलटण्याचा धोका घटतो. ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकातील २०१२च्या आढाव्यात स्किझोफ्रेनियाचा आजार वर्षभरात उलटण्याचे प्रमाण औषध घेणाऱ्यांत २७ टक्के, तर औषधाऐवजी नुसती दिखाऊ गोळी मिळालेल्यांत ६४ टक्के आढळले.

■ त्रास : सुस्ती, वजन व साखर वाढणे, ताठरपणा, कंप, एका जागी बसवत नाही अशी तगमग, पाळी चुकणे. दीर्घकाळाने ओठ-जिभेच्या आपोआप हालचाली होऊ शकतात.

■ तपासणी : वजन, कंबरेचा घेर, रक्तदाब, साखर, रक्तातील चरबी, सुरुवातीला आणि नंतर ठरावीक काळाने. क्लोझापिन हे औषध घेणाऱ्यांच्या रक्तातील पांढऱ्या पेशी सुरुवातीला दर आठवड्याला मोजतात.

■ तातडीने दवाखाना : तीव्र ताप, अंग ताठ, शुद्धीत गोंधळ. क्लोझापिनवर असताना ताप किंवा घसादुखी.

■ परस्पर बंद नको : डोस कमी करता येतो, गोळी बदलता येते, पण डॉक्टरांशी बोलून, हळूहळू. उपचारांचे फायदे-तोटे समजून घेणे हा २०१७च्या मानसिक आरोग्य कायद्याने रुग्णाला दिलेला हक्क आहे. तो जरूर वापरा.

■ मदत : बेळगावचे जिल्हा रुग्णालय (बिम्स), धारवाडची डिमहान्स ही मानसिक आरोग्य संस्था, टेलि-मानस हेल्पलाइन १४४१६, चोवीस तास, मोफत.