मिशरीपासून बाळापर्यंत

तंबाखूची पानं तव्यावर काळी पडेपर्यंत भाजायची, गार झाली की चुरडून त्यांची पूड करायची आणि डबीत भरून ठेवायची. ही मिशरी. सकाळी उठलं की बोटावर घेऊन दातांना, हिरड्यांना चोळायची, थोडा वेळ तोंडात राहू द्यायची आणि चूळ भरायची. कुणी दिवसातून एकदा लावतं, कुणी पाच-सहा वेळा. कारणं साधी असतात. दाढ ठणकत होती, मिशरी लावल्यावर थांबली. पोट साफ होतं. रानातल्या कामात भूक मरते. दिवस गेल्यावर सकाळी मळमळतं, तेव्हा मिशरी लावली की बरं वाटतं. आईने लावली, सासूने लावली, म्हणून हीही लावते. याला कुणी व्यसन म्हणत नाही. दवाखान्यात ‘तंबाखू खाता का?’ असं विचारलं तर ती ‘नाही’ म्हणते, आणि तिच्या मते ती खरंच बोलत असते, कारण ती काही खात नाही, दात घासते.

गरोदर आईच्या शरीरात गेलेली वस्तू बाळापर्यंत कशी पोचते हे समजून घ्यायला महाराष्ट्रात मिशरीहून जवळचं उदाहरण नाही. गरोदरपणातली व्यसनं म्हटलं की आपल्याला सिगारेट, दारू, हेरॉइन आठवतं. पण वारेला नशा आणि औषध यांतला फरक कळत नाही. कोणती वस्तू सोडायची हे ती त्या वस्तूच्या गुणधर्मांवरून ठरवते, आणि ते नियम समजले की बाकीच्या बऱ्याच गोष्टी आपोआप उलगडतात.

हिरडीपासून सुरुवात करू. तोंडाचं आतलं आवरण पातळ असतं आणि त्याखाली रक्तवाहिन्यांचं दाट जाळं असतं. मिशरीतलं निकोटिन तिथूनच रक्तात शिरतं. गिळलेलं औषध आधी यकृतातून जातं आणि तिथे त्याचा बराच भाग निकामी होतो. हिरडीतून गेलेल्या निकोटिनला हा टप्पा लागत नाही. सिगारेट ओढल्यावर रक्तातली पातळी काही मिनिटांत चढते आणि लवकर उतरते. तोंडातल्या तंबाखूने ती सावकाश चढते, पण अधिक वेळ टिकते. गरोदरपणात बाईचं शरीर निकोटिनचा निचरा नेहमीपेक्षा वेगाने करतं. परिणाम उलटाच होतो: तलफ लवकर येते, आणि एरवी दोनदा लावणारी तिसऱ्यांदा डबी उघडते.

हे रक्त गर्भाशयात जातं. दिवस भरत आले की गर्भाशयातून दर मिनिटाला अर्ध्या लिटरहून जास्त रक्त वाहतं. वारेच्या आत बारीक बारीक अंकुर असतात आणि ते आईच्या रक्तात बुडालेले असतात. अंकुराच्या आत बाळाच्या रक्तवाहिन्या, बाहेर आईचं रक्त. दोन्ही रक्तं एकमेकांत मिसळत नाहीत. मध्ये एक पडदा असतो. जसजसे महिने भरतात तसतसा तो पडदा पातळ होतो आणि शेवटी मिलिमीटरच्या काही हजाराव्या भागाएवढाच उरतो. बाळाला प्राणवायू आणि अन्न भरपूर मिळावं म्हणून निसर्गाने केलेली ही सोय आहे, पण त्याच वाटेने बाकीचंही आत येतं.

काय आत येतं आणि काय अडतं याचे नियम थोडक्यात असे. रेणू लहान असेल तर तो सहज पार होतो. फार मोठा असेल तर अडकतो. चरबीत विरघळणारी वस्तू पाण्यात विरघळणाऱ्या वस्तूपेक्षा सहज जाते. आईच्या रक्तातल्या प्रथिनांना घट्ट चिकटलेली वस्तू मागे राहते, मोकळी असलेली पुढे जाते. इन्सुलिनचा रेणू मोठा, म्हणून मधुमेह असलेल्या गरोदर बाईला ते निर्धास्त देता येतं. रक्त पातळ ठेवणारं हेपॅरिन वार ओलांडत नाही. त्याच कामाचं वॉरफरिन मात्र ओलांडतं आणि बाळाच्या हाडांची वाढ बिघडवू शकतं. निकोटिनचा रेणू अगदी लहान आणि चरबीत विरघळणारा. त्याला आडकाठी जवळजवळ नाहीच.

निकोटिनच्या बाबतीत आणखी एक गोष्ट आहे. बाळाचं रक्त आईच्या रक्तापेक्षा किंचित आम्लधर्मी असतं. निकोटिनसारखे अल्कधर्मी रेणू त्या बाजूला गेले की त्यांचं रूप बदलतं आणि परत यायला त्यांना जड जातं. त्यामुळे बाळाच्या रक्तातलं निकोटिन आईच्या रक्तातल्यापेक्षा थोडं जास्तच भरतं. बाळ लघवी करतं, ती गर्भजलात मिसळते, तेच पाणी बाळ पुन्हा गिळतं. गर्भजलातलं निकोटिन आईच्या रक्तातल्यापेक्षाही जास्त असतं. आईने चूळ भरून टाकली तरी आत फेरा चालूच राहतो.

आत गेल्यावर निकोटिन दोन ठिकाणी घाव घालतं. आईच्या शरीरात ते रक्तवाहिन्या आकसवणारी संप्रेरकं सोडायला लावतं, त्यामुळे वारेकडे जाणारं रक्त कमी होतं आणि बाळाच्या वाट्याचं अन्न घटतं. दुसरा घाव बाळाच्या मेंदूवर. मेंदूतल्या पेशी एकमेकींना निरोप देण्यासाठी जे रसायन वापरतात, त्यासाठी काही जागा राखलेल्या असतात. निकोटिन त्याच जागांवर जाऊन बसतं, आणि या जागा पहिल्या तीन महिन्यांतच तयार व्हायला लागलेल्या असतात. त्यातल्या बऱ्याच मेंदूच्या खालच्या भागात, श्वास चालवणाऱ्या केंद्रांपाशी असतात. झोपेत श्वास अडखळला तर दचकून जागं होण्याची बाळाची ताकद यामुळे कमी पडू शकते. त्याशिवाय तंबाखूतलं कॅडमियम वारेत साठत जातं. भाजण्यामुळे मिशरीत कर्करोगाशी नातं असलेली काही रसायनंही तयार होतात.

मिशरीवर आपल्याकडे नेमका अभ्यास झालेला आहे. मुंबईत प्रकाश गुप्ता आणि एस. श्रीविद्या यांनी घरोघरी जाऊन १,२१७ गरोदर स्त्रियांची नोंद केली आणि बाळंतपणापर्यंत त्यांचा पाठपुरावा केला. त्यातल्या सुमारे १७ टक्के स्त्रिया बिनधुराची तंबाखू वापरत होत्या आणि बहुतेक जणी मिशरीच. २००४ साली हा अभ्यास ‘ब्रिटिश मेडिकल जर्नल’मध्ये छापून आला. तंबाखू वापरणाऱ्या आयांची बाळं सरासरी १०५ ग्रॅमनी हलकी होती आणि सुमारे सहा दिवस आधी जन्मली होती. आईचं वय, शिक्षण, तब्येत यांचा हिशेब धरूनही हा फरक उरला. त्याच अभ्यासातून २००६ साली दुसरा निबंध आला. मृत बाळ जन्मण्याचं प्रमाण तंबाखू न वापरणाऱ्यांत ३.१ टक्के होतं, वापरणाऱ्यांत ८.९ टक्के.

हे आकडे मला फार मोलाचे वाटतात, कारण त्यांनी एक भ्रम मोडला. सिगारेटने बाळ हलकं होतं हे जगाला ठाऊक होतं, पण त्याचा दोष बराचसा धुरातल्या कार्बन मोनॉक्साइडला दिला जात असे. मिशरीत धूर नाही, तरीही बाळ हलकं झालं. ‘आम्ही कुठे ओढतो?’ या समजुतीला मुंबईच्या त्या वस्त्यांतूनच उत्तर मिळालं. १०५ ग्रॅम ऐकायला किरकोळ वाटतात. पण आपल्याकडे असंख्य बाळं अडीच किलोच्या रेषेच्या आसपासच जन्मतात. २,५५० ग्रॅमचं व्हायचं होतं ते २,४५० ग्रॅमचं झालं की ते कमी वजनाच्या बाळांत मोडतं. अशा बाळाला ऊब टिकवणं, दूध ओढणं, जंतूंशी झुंजणं सगळंच अवघड जातं.

जन्मल्यावर काय होतं? नाळ कापली की पुरवठा तुटतो. मोठ्या माणसाच्या शरीरातलं निम्मं निकोटिन सुमारे दोन तासांत नाहीसं होतं; नवजात बाळाचं यकृत कच्चं असल्याने त्याला दहा-अकरा तास लागतात. पहिल्या दिवसांत असं बाळ थोडं चिडचिडं, ताठर, हातपाय थरथरवणारं असू शकतं. दूध पाजताना निकोटिन दुधातूनही उतरतं, पण म्हणून दूध तोडायचं नाही. अंगावरच्या दुधाचा फायदा कितीतरी मोठा आहे. मिशरी सुटतच नसेल तर निदान पाजून झाल्यावर लावावी, पाजायच्या आधी नको.

वारेचे हेच नियम अफूच्या वर्गातल्या वस्तूंना लावले की चित्र जास्त ठळक होतं. हेरॉइन, मॉर्फिन, कोडीनचं खोकल्याचं औषध, ट्रामाडॉलच्या गोळ्या, सगळी लहान रेणूंची, वार ओलांडणारी. महिनोन्‌महिने आईबरोबर बाळाच्या मेंदूलाही त्यांची सवय होते. जन्मल्यावर एक ते तीन दिवसांत, काही औषधांच्या बाबतीत त्याहूनही उशिरा, बाळ कर्कश रडू लागतं, थरथरतं, सारखं शिंकतं, जांभया देतं, मुठी चोखतं पण दूध नीट ओढत नाही, पातळ शी होते. १९७५ साली अमेरिकेतल्या लोरेटा फिनेगन यांनी या लक्षणांना गुण देण्याची पद्धत तयार केली. अलीकडे गुण मोजत बसण्यापेक्षा बाळ नीट पितं का, झोपतं का, कुशीत घेतलं की शांत होतं का, एवढंच पाहून आधी आईलाच जवळ ठेवायचं, अशी पद्धत आली आहे. मंद उजेड, शांत खोली, दुपट्यात गुंडाळलेलं बाळ, आईची कूस. एवढ्यानेही भागत नसेल तरच औषध. २०२३ साली आलेल्या अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीत या नव्या पद्धतीने सांभाळलेली बाळं सुमारे आठ दिवसांत घरी जाण्याजोगी झाली. जुन्या पद्धतीत जवळजवळ पंधरा दिवस लागत होते. अशा बाळाला ‘व्यसनी’ म्हणू नये. त्याने काहीच निवडलेलं नाही. आणि अशा आईनेही गरोदरपणात वस्तू एकदम बंद करू नये; त्याने बाळाला धोका होतो. डॉक्टरांच्या देखरेखीखाली पर्यायी औषध घेणं सुरक्षित.

दारूबद्दल कमीच लिहितो, कारण त्यात घासाघीस करण्यासारखं काही नाही. वार तिला अडवत नाही आणि किती घेतली तर चालते याची सुरक्षित मर्यादा सापडलेली नाही. मोहाची असो की विलायती, तीच गोष्ट.

औषधांचं प्रकरण मात्र नाजूक आहे, कारण तिथे दोन्ही बाजूंना चूक होते. काही औषधं बाळाला खरोखरच इजा करतात. फिट्‌सवरचं व्हॅलप्रोएट घेणाऱ्या आयांच्या दहातल्या जवळपास एका बाळात जन्मजात व्यंग आढळतं. एरवी हे प्रमाण शंभरात दोन-तीन असतं. शिवाय त्यातल्या अनेक मुलांची बौद्धिक वाढही मागे राहते. बाळाच्या पाठीचा कणा आणि मेंदू ज्या नळीपासून घडतात ती गर्भ राहिल्यापासून २८ दिवसांत बंद होते, म्हणजे बहुतेक बायकांना दिवस गेल्याचं कळायच्या आत. म्हणून फिट्‌सचं औषध घेणाऱ्या तरुणीने गर्भ राहण्याच्या आधीच डॉक्टरांशी बोलायला हवं. लॅमोट्रिजिन, लेव्हेटिरॅसिटाम असे बरे पर्याय आहेत आणि फॉलिक अॅसिडही आधीपासून सुरू करावं लागतं. पण घाबरून गोळ्या स्वतःच बंद केल्या आणि मोठा झटका आला तर आई आणि बाळ दोघंही धोक्यात येतात.

अंगदुखीच्या गोळ्यांचं उलट होतं. आयबुप्रोफेन, डायक्लोफिनॅक या गोळ्या मेडिकलमधून सहज मिळतात आणि कुणी विचारत नाही. विसाव्या आठवड्यानंतर त्या बाळाच्या मूत्रपिंडावर परिणाम करून गर्भजल कमी करू शकतात. शेवटच्या तीन महिन्यांत त्या बाळाच्या हृदयाजवळची एक रक्तवाहिनी वेळेआधी बंद करू शकतात. ती वाहिनी जन्मानंतरच बंद व्हायला हवी. दुखलंच तर डॉक्टरांना विचारून पॅरासिटामॉल घ्यावं. उदासीनतेवरच्या गोळ्यांबद्दलही बायका घाबरतात. त्या घेणाऱ्या काही आयांची बाळं जन्मल्यावर थोडे दिवस थरथरतात, अस्वस्थ राहतात, बहुतेक वेळा ते आपोआप निवतं. उपचार न केलेली उदासीनता आईलाही आणि बाळालाही त्याहून महाग पडते. थायरॉइडची गोळी तर चुकवायचीच नाही.

मिशरीकडे परत येतो, कारण माझ्या मते आपल्याकडे हानी सर्वांत जास्त तिथेच आहे आणि सुधारणाही तिथेच सर्वांत सोपी आहे. गुटख्यावर महाराष्ट्रात २०१२ पासून बंदी आहे, पण घरच्या तव्यावर भाजलेल्या तंबाखूला कुठला कायदा गाठणार? ती गाठायची ती आशाताईंनी, अंगणवाडी सेविकेने, उपकेंद्रातल्या सिस्टरने. दर महिन्याच्या ९ तारखेला गरोदर स्त्रियांची मोफत तपासणी होते, तिथे पहिला बदल प्रश्नातच करावा. ‘तंबाखूचं व्यसन आहे का?’ असं विचारू नये. ‘मिशरी लावता का? दिवसातून किती वेळा? सकाळी उठल्यावर किती वेळाने?’ असं विचारावं. उठल्याबरोबर लावावी लागत असेल तर सवय घट्ट आहे. सासू शेजारी बसली असेल तर तिलाही विचारावं, तिने डबी ठेवून दिली तर सुनेला सोपं जातं.

सोडताना पहिले तीन-चार दिवस जड जातात. चिडचिड होते, डोकं दुखतं. आणि ज्याबद्दल कुणी बोलत नाही ते म्हणजे पोट साफ होत नाही. निकोटिन आतड्यांना हलवत असतं. ते बंद झालं की बद्धकोष्ठ होतं. गरोदरपणात ते आधीच असतं. तिसऱ्या दिवशी बाई पुन्हा डबी उघडते ती पुष्कळदा याच कारणाने, आणि मग घरचे तिला कमकुवत मनाची ठरवतात. आधीच सांगून ठेवावं: पाणी जास्त प्या, पालेभाजी, पेरू खा, रात्री इसबगोल घ्या. दाढ दुखत असेल तर दाताच्या डॉक्टरकडे पाठवावं. गरोदरपणात दात दाखवायला हरकत नसते आणि मिशरीचं मूळ कारण तिथेच मिटतं. सकाळच्या मळमळीवर सुरक्षित गोळ्या मिळतात. राष्ट्रीय तंबाखूमुक्ती हेल्पलाइनचा १८००-११-२३५६ हा क्रमांक मोफत आहे.

न्यूझीलंड आणि ऑस्ट्रेलियातल्या २००९ सालच्या एका अभ्यासात पंधराव्या आठवड्याच्या आत सिगारेट सोडलेल्या आयांची बाळं, वेळेआधी जन्म आणि कमी वाढ या दोन्ही बाबतींत, कधीच न ओढलेल्या आयांच्या बाळांइतकीच निघाली. तो अभ्यास धुराचा होता, मिशरीचा नव्हता, पण निकोटिन तेच आहे आणि वारही तीच. म्हणून पहिल्या तपासणीचा दिवस, जेव्हा तिसरा महिना अजून संपलेला नसतो, तोच हा प्रश्न विचारायचा दिवस आहे. उशीर झालेला असेल, सातवा-आठवा लागलेला असेल, तरी विचारावंच, कारण बाळाचं वजन सर्वांत वेगाने शेवटच्या महिन्यांतच भरतं.