शनिवारचा छंद, रविवारची धास्ती

ओशिवऱ्याच्या जुन्या फर्निचरच्या बाजारातून मी एक कपाट उचललं. थरांवर थर चढलेला हिरवा ऑइलपेंट. शनिवारी बाल्कनीत बसून पॉलिश पेपरने मस्त घासलं. एफएम चालू, शेजारी कॉफी आणि दारात रांगणारी माझी भाची.

रविवारी डॉक्टर मैत्रीण आली. हिरव्या धुळीकडे बघत म्हणाली, ‘‘अगं, यात शिसं असू शकतं!’’

शिसं? ते तर पेन्सिलीत असतं ना? नाही हो, तिथे ग्राफाइट असतं. शिसं असायचं ते जुन्या रंगांत. आपल्याकडे घरगुती रंगांसाठी ९० पीपीएमची मर्यादा लागू झाली, ती थेट नोव्हेंबर २०१७ मध्ये. माझं कपाट नक्कीच त्याआधीचं.

हा प्रश्न फक्त कपाटाचा नाही. वीकेंडला सर्किट जोडणाऱ्यांच्या सोल्डर तारेत बऱ्याचदा ४० टक्के शिसं असतं. धूर मुख्यतः फ्लक्सचा, पण शिसं बोटांना लागतं आणि बोटं वेफर्सच्या पाकिटात जातात! एअर पिस्तुलाचे छर्रेही सहसा शिशाचेच. बॅटरीच्या कारखान्यातला कामगार तर ही धूळ कपड्यांवरून घरी नेतो.

शरीर शिशाला कॅल्शियम समजतं आणि हाडांत साठवतं, तेही वर्षानुवर्षं. लहान मुलं ते मोठ्यांपेक्षा जास्त शोषतात आणि घाव बसतो वाढत्या मेंदूवर. बाहेरून काहीच दिसत नाही. जागतिक आरोग्य संघटना म्हणते, सुरक्षित अशी पातळीच नाही.

भाचीची रक्ततपासणी केली. दोन दिवस ताई माझ्याशी धड बोलली नाही. रिपोर्ट ५ मायक्रोग्रॅमच्या आत आला. डेसिलिटरमागे ५ किंवा जास्त आलं, तर शिसं कुठून येतंय ते शोधायलाच हवं. तरी डॉक्टरांनी पुन्हा तपासायला सांगितलंय.

छंद सोडायचा का? मुळीच नाही! फक्त एवढं करा :

* जुना रंग कोरडा घासू नका. पाणी मारून वॉटर पेपर वापरा.
* रुमाल नको, एन-९५ मास्क लावा.
* झाडू नको, ओल्या फडक्याने पुसा.
* काम करताना खाणंपिणं बंद. नंतर साबणाने हात धुवा, कपडे वेगळे धुवा.
* मुलं आणि गरोदर मैत्रिणी यांना लांबच ठेवा.

कपाट अजून अर्धं हिरवंच आहे. ताईच्या घरापासून दूर, मित्राच्या गॅरेजमध्ये!