एका सेमिस्टरचं साटंलोटं

"चार महिन्यांसाठी एवढा खर्च?" "वर्ष वाया गेलं तर?" "पुढे एमएसला जायचंच आहे, मग आत्ता कशाला?" मुलाने किंवा मुलीने सेमिस्टर एक्सचेंजचा विषय घरात काढला, की मुलुंड असो वा बोरिवली, पहिल्या पाच मिनिटांत हे तीन प्रश्न येतात. तिन्ही रास्त आहेत. घोळ होतो तो ते कुणाला विचारले जातात यात. अमेरिकेतला मामेभाऊ, स्टेशनसमोरच्या कन्सल्टन्सीतली मॅडम, सोसायटीतले ते काका ज्यांचा मुलगा टेक्सासला स्थायिक आहे. यांच्यापैकी बहुतेकांनी सेमिस्टर एक्सचेंज जवळून पाहिलेलं नसतं. ते पदवीसाठी बाहेर जाण्याबद्दल सांगत असतात, आणि आपण ते एका सेमिस्टरला लावून घेतो. सासरी जाणं आणि सुट्टीत आत्याकडे राहायला जाणं, दोन्हींत बॅग भरावीच लागते. पण तेवढंच साम्य.

एक्सचेंजमध्ये नाव इथल्याच कॉलेजच्या पटावर राहतं, पदवी इथलीच मिळते, फक्त एका सत्राचे विषय दुसरीकडे शिकायचे असतात. त्यामुळे जाणं जमेल की नाही, फायद्याचं पडेल की नाही, हे म्युनिकला किंवा सिंगापूरला ठरत नाही. ते ठरतं आपल्याच कॉलेजच्या ऑफिसात, त्या खिडकीपाशी, जिथे बोनाफाइड घ्यायला आपण रांग लावतो.

"तिथली लाखोंची फी कोण भरणार?"

आपल्याकडे लग्नात साटंलोटं असायचं. तुमची मुलगी आमच्या घरी, आमची तुमच्या घरी. हुंड्याचा हिशोब आपोआप फिटला. दोन विद्यापीठांमधला विद्यार्थी-विनिमय करार नेमका असाच चालतो. मुंबईचा विद्यार्थी इथली फी इथेच भरतो, तिकडचा तिकडे भरतो, आणि दोघं एकमेकांच्या वर्गात जाऊन बसतात. यजमान विद्यापीठ शिकवणीची फी घेत नाही. जर्मनीत बाडेन-व्युर्टेम्बर्ग हे राज्य युरोपीय संघाबाहेरच्या विद्यार्थ्यांकडून २०१७ पासून सेमिस्टरला १,५०० युरो घेतं. करारातून येणाऱ्याला ती फी लागत नाही. अमेरिकेत तर हा फरक डॉलरच्या हजारांत जातो.

साटंलोट्याची दुसरी बाजूही इथे आहे. तिकडून कुणी यायला तयार नसेल, तर इकडून किती जण जाणार यालाही मर्यादा पडते. जागा थोड्या असतात त्या यामुळे, केवळ आपल्या मुलांचे गुण कमी पडतात म्हणून नव्हे.

आणि करार नसतानाही परदेशी विद्यापीठं एका सत्रासाठी विद्यार्थी घेतात, मात्र पूर्ण फी भरून. एजंट बहुधा हेच विकतो. माहितीपत्रकावर दोन्हींची नावं सारखीच वाटतात. म्हणून पहिला प्रश्न एकच: आमच्या संस्थेचा या विद्यापीठाशी सही झालेला करार आहे का, आणि त्यात फी-माफीचं कलम आहे का?

फी वाचली तरी खर्च उरतोच, आणि तो उपनगरातल्या घरांना जास्त जाणवतो. पवईच्या हॉस्टेलमधला मुलगा तसंही मेसचे पैसे भरतच होता. घाटकोपरहून घरचा डबा घेऊन कॉलेजला जाणाऱ्या मुलीचा राहण्याखाण्याचा वेगळा खर्च शून्य होता. तिच्या घरी भाडं, जेवण, विमा, सगळं नव्याने उभं राहतं. जर्मनीचा व्हिसा घेताना बँकेच्या 'ब्लॉक्ड अकाउंट'मध्ये महिन्याला ९९२ युरो या दराने पैसे दाखवावे लागतात (सप्टेंबर २०२४ पासूनचा दर). सहा महिन्यांचे होतात ५,९५२. युरो शंभर रुपयांच्या आसपास धरला, तर सहा लाखांच्या घरात. हा आकडा ऐकून बाबा लोक विषय बंद करतात. पण ते पैसे कुणाची फी नाहीत, आपलेच आहेत. तिथे पोचल्यावर दरमहा हप्त्याने परत मिळतात आणि त्यातूनच राहायचं असतं. विमानाचं तिकीट आणि खोलीचं डिपॉझिट हे मात्र वेगळं धरायचं. डिपॉझिट तिथे तीन महिन्यांच्या मूळ भाड्यापर्यंत मागता येतं, आणि परतीच्या दिवशी ते हातात पडेलच असं नाही.

परदेशी पैसे पाठवले की कर कापला जातो, ही आणखी एक धास्ती. १ एप्रिल २०२५ पासून आर्थिक वर्षात १० लाख रुपयांपर्यंतच्या रकमेवर टीसीएस लागत नाही. एका सेमिस्टरचा खर्च बहुधा त्याच्या आतच बसतो.

"वर्ष वाया जाईल"

जाऊ शकतं. हा गैरसमज अर्धा खरा आहे, आणि म्हणूनच त्याच्याशी नीट बोलायला हवं.

प्रश्न कॅलेंडरचा आहे. पवईच्या आयआयटीत पहिलं सत्र जुलै ते नोव्हेंबर, दुसरं जानेवारी ते एप्रिल. मुंबई विद्यापीठाच्या कॉलेजांत वर्ष त्याहून आधी, जूनमध्येच उघडतं आणि दुसरं सत्र दिवाळीनंतर लगेच धरतं. आता याच्याशेजारी जर्मनीचं ठेवा. तिथे हिवाळी सत्राचे वर्ग ऑक्टोबरच्या मध्याला सुरू होऊन फेब्रुवारीच्या मध्याला संपतात, परीक्षा त्यानंतर. म्हणजे इथलं जुलैचं सत्र सोडून जायचं, दोन-अडीच महिने घरी बसायचं, आणि परत येईपर्यंत इथलं जानेवारीचं सत्रही निम्मं उलटलेलं असतं. एका सेमिस्टरच्या नावाखाली दोन हातची जातात. उन्हाळी सत्र, एप्रिलच्या मध्यापासून जुलैपर्यंत, त्यातल्या त्यात बसतं: इथलं जानेवारीचं सोडायचं आणि पावसाळ्यात परतायचं. जुलैतल्या परीक्षा लांबल्या, तर इथले पहिले वर्ग बुडतात, एवढंच.

ऑस्ट्रेलियाचं दुसरं सत्र जुलैच्या अखेरीस सुरू होऊन नोव्हेंबरात संपतं. आपल्या वेळापत्रकावर ठेवलं तर कडेला कड जुळते. सिंगापूरचं राष्ट्रीय विद्यापीठ ऑगस्ट ते डिसेंबरची सुरुवात आणि जानेवारी ते मेची सुरुवात असं चालतं, तेही सोयीचं. स्वीडनचं शरद सत्र जानेवारीच्या मध्यापर्यंत ओढतं. देश निवडताना आपण क्रमवारी बघतो, फोटो बघतो, तिथे मराठी मंडळ आहे का तेही बघतो. कॅलेंडर बघायचं शेवटी सुचतं, आणि वर्ष वाया जातं ते तिथे.

दुसरी अडचण कुठल्या वर्षी जायचं याची. आयआयटीत नोकरीच्या मुलाखती १ डिसेंबरला सुरू होतात. शेवटच्या वर्षाच्या पहिल्या सत्रात बाहेर असणं म्हणजे आपल्याच लग्नाला गैरहजर राहणं. तिसरं वर्ष बरं. आणि केटी असेल, तर आधी ती सोडवावी. एक तर बहुतेक ठिकाणी थकीत विषय असलेल्याचं नावच पुढे पाठवत नाहीत, आणि पाठवलं तरी केटीची परीक्षा तुमच्यासाठी थांबत नाही. बी.कॉम.बरोबर सीएची आर्टिकलशिप करणाऱ्यांना मी तर सरळ सांगेन, हा विषय काढू नका.

"क्रेडिट आपोआप जमा होतात"

घरातले फार घाबरतात, पण विद्यार्थी एका बाबतीत फार निर्धास्त असतात, ती ही. शैक्षणिक क्रेडिट बँक जुलै २०२१ मध्ये सुरू झाली, तिथे जमा झालेलं क्रेडिट सात वर्षं चालतं, हे सगळं खरं. पण बँकेत खातं असणं वेगळं आणि चेक वटणं वेगळं. कुठल्या परदेशी विषयाच्या बदल्यात इथला कुठला विषय माफ होणार, हे पदवी देणारी संस्थाच ठरवते.

म्हणून जाण्याआधी एक कागद करतात, लर्निंग अॅग्रीमेंट. तिथले विषय, त्यांचे क्रेडिट, त्यांच्यासमोर इथले विषय, आणि खाली तीन सह्या: विद्यार्थ्याची, इथल्या संस्थेची, तिथल्या संस्थेची. सही नसताना विमानात बसणं म्हणजे रिझर्व्हेशनशिवाय कोकणकन्येत चढणं. पोचाल, पण कसे ते विचारू नका. तिथे गेल्यावर एखादा विषय रद्द होतो, वेळा एकमेकांवर येतात. बदललेल्या विषयालाही इथून लगेच ईमेलवर मान्यता घ्यायची. परत आल्यावर "तसाच होता हो तो विषय" चालत नाही.

युरोपात एका सत्राला ३० ईसीटीएस क्रेडिट असतात, आपल्या नव्या रचनेत साधारण २०. "अरे, तिकडे दहा जास्त मिळतात!" असं वाटतं. एक ईसीटीएस म्हणजे २५ ते ३० तासांचा अभ्यास, म्हणजे सत्राला ७५० ते ९०० तास. आपल्या राष्ट्रीय क्रेडिट आराखड्यात एक क्रेडिट ३० तासांचं, सत्राला ६००. तेव्हा तिकडचे ३० इथे ३० म्हणून कुणी लिहून देणार नाही. ते बहुधा इथल्या एका सत्राएवढेच धरले जातात. जास्त मिळतात ते तास, आणि ते अभ्यासाचे.

इथे कॉलेजचा प्रकार आडवा येतो. मुंबई विद्यापीठाच्या साध्या संलग्न कॉलेजात अभ्यासक्रम विद्यापीठाचा आणि पदवीही विद्यापीठाची. प्राचार्यांनी मनात आणलं तरी विषयांची अदलाबदल त्यांच्या हातात फारशी नसते. घाटकोपरचं आर. जे., मुलुंडचं वझे-केळकर, पार्ल्याचं मिठीबाई ही स्वायत्त कॉलेजं आहेत. आपला अभ्यासक्रम ती आपण आखतात, त्यामुळे तिथे बोलायला निदान जागा असते. विद्याविहारचं सोमय्या हे तर २०१९ पासून स्वतंत्र विद्यापीठच. पवईची आयआयटी स्वतःच पदवी देते, आणि मोनॅश विद्यापीठाबरोबर तिथे २००८ पासून संयुक्त पीएचडीही चालते. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०२२ च्या नियमांनी ट्विनिंग पद्धतीत ३० टक्क्यांपर्यंत क्रेडिट परदेशी संस्थेतून घ्यायला वाट दिली आहे. १६० क्रेडिटच्या चार वर्षांच्या पदवीत हे ४८ होतात. एक सेमिस्टर त्यात आरामात मावतं. पण आयोगाने दार उघडलं म्हणजे आपलं कॉलेज त्यातून बाहेर पडलं असं नव्हे.

"एकदा गेलं की तिथे राहता येतं"

येत नाही. जर्मनीत शिक्षणानंतर नोकरी शोधायला मिळणारे १८ महिने तिथल्या पदवीधरांसाठी आहेत. शिक्षणानंतर काम करू देणाऱ्या अमेरिकेच्या ओपीटीला एफ-१ व्हिसावर पूर्ण शैक्षणिक वर्ष लागतं, कॅनडाच्या वर्क परमिटला निदान आठ महिन्यांचा अभ्यासक्रम. एक सेमिस्टर यातल्या कशालाच पुरत नाही. "मुलगी कायमची गेली" म्हणून रडणाऱ्या आजींना आणि "आता पीआरचं बघा" म्हणणाऱ्या काकांना उत्तर एकच.

उलट टोकाची भीती जे-१ व्हिसाची. अमेरिकेत एक्सचेंजवाले बहुधा याच व्हिसावर जातात, आणि "जे-१ घेतला की दोन वर्षं अमेरिका बंद" असं ऐकायला मिळतं. ती अट सरसकट सगळ्यांना कधीच नव्हती. सरकारी पैशावर जाणारे, वैद्यकीय प्रशिक्षणवाले आणि ठरावीक देशांच्या कौशल्य-यादीतले यांच्यापुरती ती आहे, आणि डिसेंबर २०२४ मध्ये त्या यादीतून भारत वगळला गेला. अट लागली तरी अडतं ते एच-१बी आणि ग्रीन कार्ड. पुन्हा शिकायला जाणं नव्हे. अमेरिकेची खरी जोखीम तारखांची. २०२५ च्या मे अखेरीस विद्यार्थी व्हिसाच्या मुलाखतींच्या नव्या तारखा देणं तीनेक आठवडे थांबलं होतं. दोन वर्षांच्या पदवीला असा धक्का सोसतो, चार महिन्यांच्या सत्राला नाही.

दरवेळी विद्यार्थी व्हिसाच लागतो असंही नाही. सहा महिन्यांपर्यंतच्या शिक्षणासाठी ब्रिटनचा साधा व्हिजिटर व्हिसा चालतो. कॅनडातही तेवढ्या मुदतीला स्टडी परमिट लागत नाही. शेंगेन देशांत मात्र ९० दिवसांच्या वर मुक्काम गेला की त्या देशाचा राष्ट्रीय व्हिसा हवाच, आणि चार महिन्यांचं सत्र ९० दिवसांत बसत नाही.

"तिथे काम करून खर्च भागवेन"

हॉटेलात भांडी घासून शिकल्याची गोष्ट प्रत्येक घरात एक असते. जर्मनीत वर्षाला १४० पूर्ण दिवस, ऑस्ट्रेलियात सत्र चालू असताना पंधरवड्याला ४८ तास काम करायची मुभा आहे, हे बरोबर. पण खोली मिळून, नोंदणी होऊन, बँक खातं उघडून, काम सापडेपर्यंत दीड महिना जातो आणि परीक्षा अडीच महिन्यांवर आलेली असते. त्या पैशात फार तर प्रवास होईल. खर्चाच्या कागदावर ही ओळ शून्य धरावी.

सरकारी शिष्यवृत्तीचंही तसंच. राजर्षी शाहू महाराज परदेश शिष्यवृत्ती किंवा केंद्राची नॅशनल ओव्हरसीज स्कॉलरशिप या पदव्युत्तर पदवी आणि पीएचडीसाठी आहेत. मधल्या एका सत्राला त्या लागू नाहीत. इरॅस्मस प्लसमधून मात्र सत्रापुरती मदत मिळू शकते, तीही आपल्या संस्थेचा तसा करार असेल तरच. पुन्हा तीच खिडकी.

मग पुढे एमएसला जायचंच असेल तर आत्ता कशाला? माझं मत विचाराल, तर अशा मुलांनी आवर्जून जावं. चाळीस-पन्नास लाखांचं कर्ज काढण्याआधी आपल्याला परकी थंडी, परका स्वयंपाक आणि रविवारी बंद असलेली दुकानं झेपतात का, हे सहा लाखांत कळलं तर ते स्वस्तच. आणि ज्याला फक्त युरोप फिरायचा आहे, त्याने परीक्षा संपवून मे महिन्यात फिरून यावं. लर्निंग अॅग्रीमेंटवर तिघांच्या सह्या जमवण्यापेक्षा ते सोपं पडतं.

परत आल्यावर शेवटचा घोळ निकालपत्रकाचा. ते बरेचदा एक-दोन महिने उशिरा येतं, तोवर इथला निकाल राखून ठेवलेला दिसतो आणि घरात कुजबुज सुरू होते. मग एकदाचा कागद येतो आणि त्यावर लिहिलेलं असतं १.३. जर्मनीत १.० सर्वांत वर, ४.० म्हणजे काठावर पास, ५.० म्हणजे नापास. खिडकीमागच्या क्लार्कला हे माहीत असेलच असं नाही. तेव्हा निकालपत्रकाच्या मागे गुणपद्धतीचा तक्ता जोडलेला आहे ना, ते पाहून मगच कागद आत सरकवावा.