नितळ पाण्यातला बास

डेट्रॉइट (मिशिगन) : सेंट क्लेअर हे सरोवर डेट्रॉइट शहराला लागून, अमेरिका आणि कॅनडा यांच्या सीमेवर पसरले आहे. ह्युरॉन आणि ईरी या दोन महासरोवरांमधल्या जलमार्गाचा तो मधला, रुंद आणि उथळ भाग. क्षेत्रफळ सुमारे 1,100 चौरस किलोमीटर असले तरी सरासरी खोली साडेतीन मीटरच्या आतच आहे. मालवाहू जहाजांसाठी मधून खोदलेला मार्ग सोडला तर शांत दिवशी होडीतून खाली पाहिले की बऱ्याच ठिकाणी तळाची वाळू, दगड आणि शेवाळाचे पट्टे दिसतात. बास या माशाच्या शिकारीसाठी हे सरोवर अमेरिकेत नावाजलेले आहे. ‘बासमास्टर’ मासिकाने 2013 मध्ये देशातल्या बासच्या तलावांत त्याला पहिला क्रमांक दिला होता.

हे पाणी पूर्वी इतके नितळ नव्हते. 1988 मध्ये झेब्रा शिंपला याच सरोवरात आढळला. काळा समुद्र आणि कॅस्पियन समुद्राच्या परिसरातला हा बोटाच्या पेराएवढा पट्टेदार शिंपला, जहाजे तोल राखण्यासाठी टाक्यांत जे पाणी भरतात त्यातून आला. एक शिंपला दिवसाला लिटरभर पाणी गाळू शकतो, आणि तळावर त्यांचे थरच्या थर बसले. पाण्यातले सूक्ष्म जीव गाळले गेले, ऊन तळापर्यंत पोहोचू लागले, पाणवनस्पती दाट वाढल्या. अंधुक उजेड मानवणारा वॉलआय मासा मागे पडला आणि डोळ्यांनी शिकार करणारा लहान तोंडाचा बास फोफावला. पाठोपाठ 1990 च्या सुमारास गोबी नावाचा परदेशी छोटा मासा आला, तोही बासचे आवडते खाद्य झाला. गळ टाकणाऱ्यांचे यात भले झाले, पण या शिंपल्याने सरोवरातले मूळचे शिंपले जवळजवळ संपवले. ही हानी मासेमारीच्या कोणत्याही लाभाने भरून येणारी नाही.

बुलढाणा जिल्ह्यातल्या वाचकाला पाण्याचा हा फरक समजावून सांगावा लागत नाही. खडकपूर्णा, पेनटाकळी, नळगंगा या जलाशयांत पावसाळ्यात काळ्या मातीचे गढूळ पाणी येते. तेव्हा मासा वासावर आणि पाण्यातल्या हालचालीच्या थरथरीवर भक्ष्य शोधतो, त्यामुळे गांडूळ लावलेला साधा गळही चालतो. दिवाळी उलटली, गाळ बसला, की तोच गळ दिवसभर कोरडा राहतो. सेंट क्लेअरवर बहुतेक काळ याच नितळ, हिवाळी पाण्याचा प्रश्न असतो, आणि तिथल्या लोकांनी त्यावर जो विचार केला आहे तो समजून घेण्यासारखा आहे.

बासचे दोन प्रकार इथे महत्त्वाचे. मोठ्या तोंडाच्या बासचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो. तो वनस्पतींच्या आडोशाला दबा धरून बसतो. लहान तोंडाचा बास तपकिरी, अंगावर उभे पट्टे असलेला, दगडगोट्यांच्या आणि मोकळ्या पाण्याच्या आश्रयाने राहतो. वजनाला तो कमी, पण गळाला लागल्यावर पाण्याबाहेर उड्या मारत दीर्घकाळ झुंजतो. डॉ. जेम्स हेन्शल यांनी 1881 मध्ये बासवर स्वतंत्र ग्रंथ लिहून या माशाला ट्राउटच्या बरोबरीचा मान मिळवून दिला. जगातला सर्वांत वजनदार मोठ्या तोंडाचा बास 1932 मध्ये जॉर्जिया राज्यात जॉर्ज पेरी यांनी पकडला, सुमारे दहा किलोचा. 2009 मध्ये जपानच्या बिवा सरोवरात मानाबू कुरिता यांनी त्या विक्रमाशी बरोबरी केली.

नितळ पाण्यात आमिष, दोरा आणि माणूस हे तिन्ही माशाला दिसतात. यातले माणसाचे दिसणे बहुतेकांच्या लक्षात येत नाही. पाण्याच्या पृष्ठभागावर प्रकाश वाकतो, त्यामुळे खालच्या माशाला वरचे सगळे जग एका गोल खिडकीतून दिसते. ही खिडकी सुमारे 97 अंशांची असते. दोन मीटर खोल असलेल्या माशासाठी तिचा व्यास साधारण साडेचार मीटर. दूरच्या वस्तू तिच्या कडेला दाबल्यासारख्या दिसतात आणि पाण्याच्या पातळीपासून दहा अंशांच्या खाली असलेले काही जवळपास कळतच नाही. याचा हिशेब असा की दहा मीटरवर होडीत बसलेला माणूस माशाच्या नजरेत फारसा येत नाही, तर त्याच अंतरावर फळीवर उभा राहिलेला येतो. म्हणून इथे लांब फेक हा पहिला नियम मानला जातो. इंजिन बरेच आधी बंद करतात आणि छोट्या विजेच्या मोटरने किंवा नुसत्या वाऱ्यावर होडी सरकू देतात. डोळ्यांवर पोलरॉइड चष्मा असतो. पाण्यावरची चकाकी त्याने कमी होते आणि तळावरचा दगड, गवताची कड, कधी खुद्द मासाही दिसतो.

लांब फेकीसाठी हलके साहित्य लागते. पाच-सात ग्रॅमचे आमिष जाड दोऱ्याने दूर जात नाही. त्यामुळे इथले बहुतेक लोक सुमारे सात फुटांची, मध्यम ताकदीची, टोकाला लवचीक काठी आणि स्पिनिंग रीळ वापरतात. या रिळाची फिरकी स्थिर असते, दोरा तिच्या तोंडावरून सुटतो, म्हणून हलके वजनही अडत नाही. फेकताना सगळी फिरकीच फिरणारे बेटकास्टर रीळ दाट गवतातून मोठा बास ओढून काढायला उत्तम, पण हलक्या आमिषाला ते साथ देत नाही.

दोऱ्याच्या बाबतीत इथल्या दुकानांत आणि धक्क्यांवर सर्वाधिक चर्चा होते, आणि ती रास्त आहे. साध्या नायलॉनचा तंगूस स्वस्त आणि गाठीला चांगला, पण ताणला जातो आणि पाण्यात उठून दिसतो. फ्लुरोकार्बनचा अपवर्तनांक सुमारे 1.42, पाण्याचा 1.33, नायलॉनचा 1.5 च्या पुढे. फ्लुरोकार्बन पाण्याच्या जवळ असल्याने त्याच्या कडेवर प्रकाश कमी वाकतो आणि तो कमी दिसतो. शिवाय तो जड असल्याने बुडतो व आमिषाला खाली राहू देतो. तिसरा पर्याय विणलेल्या पॉलिथिलीनच्या दोऱ्याचा. बारीक असूनही मजबूत, जवळजवळ न ताणला जाणारा, त्यामुळे चाळीस मीटरवरचा हलका चावाही हाताला कळतो. मात्र पाण्यात तो स्पष्ट दिसतो. म्हणून दोन्हींची जोड लावतात. रिळावर दहा पौंडांचा, म्हणजे तेवढा ताण सोसणारा, विणलेला दोरा आणि टोकाला दोन-अडीच मीटर, आठ पौंडांच्या आसपासचा फ्लुरोकार्बन. जोडाची गाठ बारीक हवी, नाहीतर काठीच्या कड्यांत अडकते, आणि गाठ आवळण्याआधी ओली केली नाही तर फ्लुरोकार्बन घर्षणाने दुखावतो. सहा पौंडांपर्यंत उतरणारेही आहेत. पण दोरा जितका नाजूक तितकी झुंज लांबते आणि मासा थकून मरण्याची शक्यता वाढते, तेव्हा दिसेनासे होण्याच्या हौसेपायी फार बारीक दोरा घेणे योग्य नाही.

आमिषाचा रंग पाण्याकडे बघून ठरतो. गढूळ पाण्यात काळा, गडद निळा किंवा भडक पोपटी रंग आणि खुळखुळणारे, थरथरणारे आमिष उपयोगी पडते, कारण माशाला ते आधी जाणवावे लागते. नितळ पाण्यात तेच आमिष माशाला बिथरवते. तिथे पारदर्शक, धुरकट, शेवाळी-तपकिरी असे खऱ्या खाद्यासारखे रंग लागतात. सेंट क्लेअरवर गोबीसारखी दिसणारी मऊ प्लॅस्टिकची पोकळ नळी शिशाच्या डोक्यावर चढवून तळावरून ओढत नेतात. दुसरी पद्धत ड्रॉपशॉट. तिच्यात शिसे दोऱ्याच्या शेवटी तळावर टेकते आणि गळ त्याच्या फूट-दीड फूट वर बांधलेला असतो. त्यामुळे छोटे मऊ आमिष एकाच जागी, तळापासून वर, हलकेच थरथरत राहते. ही पद्धत जपानमधून अमेरिकेत आली आणि 1990 च्या दशकाच्या अखेरीस रुळली. जपानच्या तलावांवर गळ टाकणाऱ्यांची गर्दी मोठी, मासे सावध, त्यातून असे बारकाईचे तंत्र घडले.

गतीबाबत मात्र एकच सूत्र नाही. मासा आमिष नीट निरखू शकतो तेव्हा एक तर ते इतके संथ ठेवावे की निरखूनही खोटे वाटू नये, किंवा इतके वेगात न्यावे की निरखायला वेळच मिळू नये. मासोळीच्या आकाराचे जर्कबेट झटके देऊन नेतात आणि मध्येच थांबवतात. चांगले जर्कबेट थांबल्यावर वरही येत नाही, बुडतही नाही. थंड पाण्यात त्या थांबलेल्या क्षणांतच बहुतेक चावे मिळतात, आणि घाईच्या माणसाच्या हातून नेमकी ही विश्रांतीच सुटते.

वेळ निवडतानाही प्रकाशच पाहतात. शांत पाणी आणि कडक ऊन हा नितळ सरोवरावरचा सर्वांत अवघड योग. तेव्हा बास खोल जातो, गवताच्या सावलीत शिरतो किंवा धक्क्याच्या खांबांमागे राहतो. वारा सुटून लाटा उठल्या की पृष्ठभाग मोडतो, खालचा उजेड विस्कटतो आणि मासा धीट होतो. नवख्याला त्रासदायक वाटणारा हाच वारा जाणत्याला हवा असतो. पहाट, संध्याकाळ आणि ढगाळ दुपारही अशीच उपयोगी.

वसंतात पाणी पंधरा अंश सेल्सियसच्या पुढे तापू लागले की बास उथळ पाण्यात घरटी करतात. अंडी आणि पिल्ले नर राखतो. नितळ पाण्यात ही घरटी वरून दिसतात आणि राखणीला असलेला नर जवळ येणाऱ्या कशावरही तुटून पडतो, म्हणजे पकडायला अगदी सोपा. तो उचलला गेला की गोबी अंड्यांवर ताव मारतात. मिशिगनचे नियम यामुळेच कडक आहेत. या सरोवरात बास घरी नेण्याचा हंगाम जूनच्या तिसऱ्या शनिवारी सुरू होतो. त्याआधी पकडलेला मासा तत्काळ सोडावा लागतो. हंगामातही 14 इंचांहून लहान मासा ठेवता येत नाही आणि दिवसाला पाचच नेता येतात. 17 वर्षे पूर्ण झालेल्या प्रत्येकाला परवाना लागतो, आणि सरोवराच्या मध्यातून गेलेली सीमा ओलांडून गळ टाकायचा तर ओंटारिओचा वेगळा. पकडलेला बास सोडण्याची रीत देशभर पसरवण्यात रे स्कॉट यांचा वाटा मोठा. त्यांनी 1967 मध्ये आर्कान्सातल्या बीव्हर सरोवरावर स्पर्धा भरवली आणि 1972 पासून आपल्या स्पर्धांत मासे जिवंत सोडण्याचा आग्रह धरला.

या व्यवस्थेचा पैसा कुठून येतो, हे भारतीय वाचकाने आवर्जून पाहावे. 1950 च्या डिंगेल-जॉन्सन कायद्याने गळ, काठ्या, रिळे, आमिषे यांवर उत्पादकाकडून कर घेतला जातो आणि तो राज्यांना मत्स्यसंवर्धनासाठी वाटला जातो. कायद्याचे एक जनक जॉन डिंगेल हे मिशिगनचेच लोकप्रतिनिधी होते. राज्याने परवान्याचे पैसे दुसरीकडे वळवले तर हा निधी मिळत नाही. रीळ विकत घेणारा माणूस नकळत तलावाच्या देखभालीला हातभार लावतो.

बास बुलढाण्यात नाही आणि तो आणूही नये. जपानमध्ये 1925 साली तो हाकोनेच्या आशी सरोवरात सोडला गेला. पुढे तो देशभर पसरला, स्थानिक मासे खाऊ लागला आणि 2005 मध्ये लागू झालेल्या कायद्याने तो पाळण्यावर, नेण्या-आणण्यावर आणि सोडण्यावर बंदी घालावी लागली. भारताने आफ्रिकी मागूरचा असाच अनुभव घेतला आहे. बासची जागा घेणारा शिकारी मासा जिल्ह्यात आधीपासूनच आहे, तो म्हणजे मरळ. तीही गवताच्या कडेला दबा धरते, नजरेने शिकार करते. शिवाय हवेत श्वास घेण्यासाठी वर येत असल्याने नितळ, शांत पाण्यात तिचा ठावठिकाणा लागतो. विणलेला दोरा, लांब फेक, खाली बसून गळ टाकणे, शेवाळी रंगाचे आमिष हे सगळे तिला लागू पडते. गवतातल्या बाससाठी बनवलेला रबरी पोकळ बेडूक मरळीसाठी भारतात आजही वापरला जातो. फरक दोऱ्याच्या जाडीत. मरळीचे दात धारदार आणि तिचा मुक्काम दाट गवतात, तेव्हा आठ पौंडांचा फ्लुरोकार्बन टिकत नाही. तिथे चाळीस-पन्नास पौंडांचा विणलेला दोरा आणि बेटकास्टर रीळच हवे. जलाशयाचा ठेका ज्या मच्छीमार संस्थेकडे असेल तिची परवानगी आधी घ्यावी.

मरळीची विण पावसाळ्यात असते. नारिंगी-लालसर पिल्लांचा थवा पृष्ठभागावर एकत्र फिरतो आणि आईबाप त्याच्या खालीच राहतात. थव्याजवळ आमिष पडताच मोठी मरळ झेपावते, पण ती गेली की पिल्ले इतर माशांच्या तोंडी जातात. त्या दिवसांत असा थवा दिसला की तिथे गळ टाकू नये.