तेलभावंडं

डोरेमॉन आणि डोरेमी हे भाऊबहीण कसे? शाळेतून आल्याआल्या टीव्हीसमोर बसणाऱ्या एखाद्या पोराला विचारून पाहा. दोघं यंत्रमांजरं, दोघं कारखान्यात घडलेली. आई नाही, बाप नाही. पण दोघांच्या अंगातलं तेल एकाच डब्यातलं, आणि चित्रकथाकार फुजिको एफ. फुजिओ यांनी तेवढ्यावर नातं जुळवलं. आपल्याकडे एकाच बाईच्या अंगावर प्यालेल्या मुलांना दूधभाऊ म्हणतात, तशी ही तेलभावंडं. त्यातही तेलाचा कसदार भाग बहिणीला मिळाला म्हणून ती जास्त हुशार! भावंडं म्हटली की वाटणीची कुरकुर आलीच.

यंत्रमानवांचा वंश चालवायचा कसा, हा पेच जुना आहे. ‘रोबो’ हा शब्द ज्या नाटकातून जगभर गेला, त्या कारेल चापेक यांच्या ‘आर.यू.आर.’मध्ये (१९२०) यंत्रमानव कारखान्यात तयार होतात. ते माणसांवर उलटतात खरे, पण त्यांना घडवण्याची कृती जळून जाते आणि त्यांचाच वंश बुडायची वेळ येते. शेवटी एक जोडी एकमेकांसाठी जीव द्यायला तयार होते, आणि ही नवी आदम-हव्वा, असं समजून जगातला शेवटचा माणूस त्यांना निरोप देतो. ‘ट्रान्सफॉर्मर्स’मध्ये धातूच्या देहात ‘स्पार्क’ नावाची प्राणज्योत येते. जन्माची सोय झाली. घरपण मात्र तिथे फारसं दिसत नाही.

ओसामू तेझुका यांचा अॅस्ट्रो बॉय (१९५२) खरा घरगुती. अपघातात गेलेल्या मुलाच्या जागी एक शास्त्रज्ञ हुबेहूब यंत्रबालक घडवतो. पण पोरगं वाढतच नाही, म्हणून वैतागून त्याला विकून टाकतो! दुसरे एक प्राध्यापक त्याला सोडवतात आणि त्याच्यासाठी यंत्राचेच आईबाप घडवतात. म्हणजे लेक वयानं आईबापांपेक्षा मोठा. पुढे त्याला उरान नावाची बहीणही मिळते.

हे वाचून हसू येईल. पण पोटी पोर नसताना वाढणारं एक कुळ मावळात दोन हजार वर्षांपूर्वी नांदत होतं. कामशेतजवळची बेडसे लेणी बौद्ध भिक्खूंची. संघात माणूस जन्मानं येत नाही, दीक्षा घेऊन येतो.

लेण्यांतले ब्राह्मी लेख या दृष्टीनं वाचण्यासारखे आहेत. एका लेखातला दाता नाशिकच्या आनंद श्रेष्ठीचा मुलगा पुसणक. पाण्याच्या टाक्यावरच्या लेखात दान देणारी बाई आहे: महाभोजाची मुलगी, आपदेवणकाची बायको, महारठिनी सामडिनिका. संसारी माणसांनी आपली ओळख बाप आणि नवरा सांगून दिली आहे. तिसरा लेख लहानशा स्तूपाचा. रानात राहणाऱ्या, भिक्षेवर जगणाऱ्या गोभूती नावाच्या भिक्खूचा तो स्तूप. बांधवून घेणारा आसाळमित स्वतःला त्याचा अंतेवासी म्हणवतो. अंतेवासी म्हणजे गुरूजवळ राहणारा, शिष्य.

जवळ राहिला, एवढंच ते नातं. तेलाच्या डब्याहून ते फार वेगळं नाही.

बेडश्याला जाल तर चैत्याच्या उंच खांबांवरची, प्राण्यांवर बसलेली जोडपी पाहाच. पण त्या स्तूपाशीही क्षणभर थांबा. त्या लेखात गोभूतीच्या आईबापांची नावं नाहीत, शिष्याचं आहे.