परागाशी तह

पाचगणीला माणसं हवेसाठी येतात. डॉ. रुस्तमजी बिलिमोरिया यांनी १९१२ मध्ये इथे बेल-एअर सॅनेटोरियम काढलं, तेही क्षयरोग्यांना या हवेचा गुण यावा म्हणून. पण पाऊस सरला, की टेबललँडच्या आसपासचं गवत फुलोऱ्याला येतं आणि याच निर्मळ हवेत मिलिमीटरच्या तिसाव्या-चाळिसाव्या भागाएवढे परागकण तरंगू लागतात. बहुतेकांना त्यांचा पत्ताही लागत नाही. काहींना मात्र शिंकांवर शिंका, नाकाला धार, डोळ्यांना खाज. धूर नाही, जंतू नाही. मग शरीर एवढं चवताळतं कशानं?

त्या शरीराने परागातल्या निरुपद्रवी प्रथिनालाच शत्रू ठरवलेलं असतं. त्याच्याविरुद्ध आयजीई नावाची प्रतिपिंडं तयार होतात आणि नाका-डोळ्यांच्या अस्तरातल्या मास्ट पेशींवर ठाण मांडतात. पुढे तेच प्रथिन शेजारच्या दोन प्रतिपिंडांना एकदम चिकटलं, की पेशी काही मिनिटांत हिस्टामिन ओतते. शिंका, खाज ही त्याचीच करामत.

लंडनच्या सेंट मेरीज हॉस्पिटलमधल्या लेनर्ड नून यांनी १९११ मध्ये यावर अजब उपाय मांडला. ज्या परागाचा त्रास, त्याचाच अर्क टोचायचा; आधी अगदी थोडा, मग वाढवत. गुण मोजायला ते रुग्णाच्या डोळ्यात अर्काचा थेंब टाकत. डोळा लाल व्हायला जितका तीव्र थेंब लागेल, तितकी सहनशक्ती वाढलेली. परागात विष असतं आणि टोचल्याने त्यावर उतारा तयार होतो, असा त्यांचा समज होता. समज खोटा ठरला, उपाय मात्र शंभर वर्षं टिकला. नून १९१३ मध्ये क्षयाने गेले. सहकारी जॉन फ्रीमन यांनी काम पुढे नेलं.

मग इंजेक्शनने होतं काय? नाकातून अवचित येणारं प्रथिन आता त्वचेखालून, मोजूनमापून, पुन्हा पुन्हा भेटतं. त्यातून नियामक टी-पेशी वाढतात आणि भडकलेल्या पेशींना आवर घालतात. शिवाय आयजीजी-४ ही वेगळी प्रतिपिंडं तयार होतात. एसटीच्या सीटवर रुमाल टाकावा, तशी ती प्रथिनावरची जागा आधीच धरतात; आयजीईला चिकटायला जागा उरत नाही. शरीर दुबळं होत नाही, ते आपला निवाडा बदलतं!

हा निवाडा सावकाश बदलतो. सुरुवातीला साधारण दर आठवड्याला, पुढे महिन्याला एक, अशी तीन ते पाच वर्षं इंजेक्शनं घ्यावी लागतात. सगळ्यांना सारखा गुण येत नाही. पण ज्यांना येतो, त्यांच्यात तो इंजेक्शनं थांबल्यावरही काही वर्षं टिकतो. क्वचित तीव्र रिॲक्शन येऊ शकते आणि दमा आटोक्यात नसेल तर धोका वाढतो. म्हणून आधी तज्ज्ञांकडून त्रास नेमका कशाचा आहे ते तपासून घ्या आणि प्रत्येक इंजेक्शननंतर अर्धा तास दवाखान्यातच थांबा.